सर, अजून दोन!

जिममधल्या ट्रेनरला सगळे ‘सर’ म्हणतात आणि तोही सगळ्यांना ‘सर’च म्हणतो. वय तेवीस-चोवीस, टी-शर्ट दोन मापांनी लहान, दंडाचा घेर चारचौघांच्या मांडीएवढा आणि हातात मोबाइल. नजर मोबाइलवर ठेवून तो दुसऱ्याच्या बैठका मोजतो. त्याच्या अंकगणितात आठानंतर ‘लास्ट टू’ येतात, मग ‘अजून दोन’ आणि त्यानंतर ‘आता ही दोन माझ्याकडून’. निदानात मात्र तो कमालीचा काटकसरी. कंबर दुखते? कोअर वीक. गुडघा कुरकुरतो? कोअर वीक. रात्री झोप लागत नाही, सुनेशी पटत नाही? कोअर वीक. आहाराचा तक्ताही सगळ्यांना एकच, त्यामुळे गळ्यात तुळशीची माळ असलेल्या काकांनासुद्धा रोज सहा अंडी लिहून मिळतात. काकांनी तोंड वाकडं केलंच, तर ‘पिवळं नाही खायचं सर’ एवढी सवलत.

माणूस वाईट नाही. पहाटे पाचला हजर असतो, स्वतः मन लावून व्यायाम करतो. प्रश्न आहे तो त्याच्या पात्रतेचा, कारण त्याचं प्रमाणपत्र म्हणजे त्याचा दंड, आणि गिऱ्हाईक तेच वाचून पैसे भरतं. पण त्या दंडावरून सिद्ध होतं ते एवढंच, की विशीतलं, निरोगी, मुळात चांगल्या ठेवणीचं एक शरीर व्यायामाने फुगतं. समोर उभे असतात बावन्न वर्षांचे, रक्तदाबाची गोळी घेणारे, वीस वर्षं खुर्चीत बसलेले गृहस्थ. ट्रेनर २२० मधून त्यांचं वय वजा करतो, १६८ हा कमाल ठोक्यांचा आकडा काढतो आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत त्यांना ट्रेडमिलवर पळवायला घेतो. हे सूत्र मुळात ढोबळ. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांतही दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यात गोळी बीटा ब्लॉकर जातीची असेल तर ती हृदयाला वेगाने धावूच देत नाही. गृहस्थांची छाती भात्यासारखी चालू असते, पडद्यावरचा आकडा हलत नाही, आणि ट्रेनर ओरडतो, ‘सर, तुम्ही ट्रायच करत नाही!’ पहिल्याच दिवशी शंभर बैठका काढायला लावल्यावर दोन दिवस अंग दुखणं स्वाभाविक आहे. पण दुखणं असह्य झालं आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतला ऐवज मूत्रपिंडांवर चाल करून आलेला असू शकतो. तिथे तातडीने दवाखाना गाठायचा असतो. आपला सर अंगठा वर करून सांगतो, ‘पेन आहे म्हणजे मसल बनतोय.’

असं होऊ नये म्हणून कॅनडात १९७० च्या दशकातच ‘पार-क्यू’ नावाची सात प्रश्नांची साधी प्रश्नावली तयार झाली. छातीत दुखतं का, चक्कर येते का, हाडा-सांध्याची तक्रार आहे का. उत्तर ‘हो’ आलं तर आधी डॉक्टरला विचारायचं. आपल्याकडच्या अनेक जिममध्येही असा एक कागद असतो. तो भरून घेते ती फी घेणारी स्वागतिका, आणि तो फाइलला लागतो. ट्रेनरपर्यंत पोचतो तो फक्त पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगच्या, पॅकेजचा आकडा. औषधाच्या दुकानात १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणी केलेला फार्मासिस्ट लागतो, रिक्षा चालवायला परवाना आणि बिल्ला लागतो. दुसऱ्याच्या मणक्यावर साठ किलोचा बार ठेवायला मात्र कुठली नोंदणी सक्तीची नाही. कौशल्य विकासाचे अभ्यासक्रम आहेत, चांगल्या खासगी परीक्षाही आहेत, पण ज्याची त्याची मर्जी.

यावर कोणी म्हणेल, कोल्हापूरच्या तालमीतल्या वस्तादाकडे कुठलं सर्टिफिकेट होतं? नव्हतं, आणि त्याचं अडलंही नाही. पण त्याच्याकडे पोरगं यायचं बारा-तेरा वर्षांचं, आणि वर्षानुवर्षं त्याच्या नजरेखाली खायचं, झोपायचं, घाम गाळायचं. वस्तादाची किंमत व्हायची ती पठ्ठ्याच्या कुस्तीवरून. त्याच्या स्वतःच्या पोटाचा घेर कोणी मोजत नसे. वस्ताद एक डाव राखून ठेवतो असं म्हणतात, आपल्या सराकडे मुळात एकच डाव, तोही मोबाइलवर पाहिलेला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रमाणपत्राने अक्कल येत नाही. खरंच येत नाही, दोन दिवसांत मिळणाऱ्या प्रमाणपत्राने तर नाहीच. तरीही बऱ्या परीक्षेची एक करामत असते. कुठे थांबायचं आणि कोणाला फिजिओथेरपिस्टकडे पाठवायचं, हे तिच्या निमित्ताने एकदा तरी वाचावं लागतं. या धंद्यात निम्मं कौशल्य ‘नको’ म्हणण्यात आहे.

आणि ‘नको’ म्हणणंच त्याला परवडत नाही. पगार बेताचा, खरी कमाई पीटीच्या आणि प्रोटीनच्या डब्याच्या कमिशनवर. मालकाला पॅकेज विकणारा हवा, गिऱ्हाइकाला लग्नसराईच्या आत पोट आत हवं. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी जात नाही आणि घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे, हे सांगणारा ट्रेनर दोघांच्याही दृष्टीने कुचकामी. असे ट्रेनर असतात. अंगाने बेताचे, वयाने चाळिशीकडे झुकलेले. ते आधी जुने रिपोर्ट मागतात, गोळ्यांची नावं विचारतात, खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवायला सांगतात. त्यांच्याविरुद्ध व्यवस्थापकाकडे पहिल्याच आठवड्यात तक्रार जाते: पूर्ण तास नुसते प्रश्न विचारले, घामसुद्धा काढला नाही, आमचा तो दंडवाला सर बदलून द्या.