हरितराव

हरितराव हे त्यांचं खरं नाव नाही. पण धरमपेठेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारतात. नव्या वॉचमनला तर दुसरं नाव ठाऊकच नव्हतं. पार्सलवरचं नाव वाचून "हे साहेब इथं राहत नाहीत" म्हणत त्याने कुरिअरवाल्याला परत पाठवलं. हरितरावांना ते फार लागलं, कारण त्या पार्सलमध्ये बांबूचे टूथब्रश होते.

हरितरावांना साधं राहायचं आहे. पन्नाशी उलटली, मुलगी बंगलोरला गेली, फ्लॅटचे हप्ते फिटले आणि मग ही इच्छा झाली. साधं राहायला काय काय लागतं याची त्यांनी यादी केली, तर ती दोन पानं भरली. तांब्याचा जार, बिडाचा तवा, लाकडी कंगवे, काथ्याच्या घासण्या, रिठ्याची पूड, मातीची पाण्याची बाटली. एसी विकून कूलर आणला, त्याला खऱ्या वाळ्याच्या ताट्या लावल्या, आणि मे महिन्यात त्यात पाणी भरता भरता दोघांच्या कमरा गेल्या. वहिनी म्हणतात, "आम्ही चैनीत राहत होतो ना, तेव्हा घर मोकळं होतं."

कापडी पिशव्यांचा तर वेगळा खण आहे. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली आणि तेव्हापासून प्रत्येक व्याख्यानात, प्रदर्शनात, सायकल फेरीत एकेक पिशवी मिळत गेली. नाही म्हणणं हरितरावांच्या जिवावर येतं. आता तीसेक जमल्या आहेत. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने एक हिशेब मांडला होता. कापूस पिकवण्यापासूनचे सगळे परिणाम धरले, तर साधी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरावी तेव्हा कुठे ती पातळ प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी करते. म्हणजे रोज एकदा भाजी आणली तर एका पिशवीला एकोणीस वर्षं. हरितरावांनी हा खण प्रामाणिकपणे संपवायचा म्हटलं, तर त्यांना साधारण ५८० वर्षं भाजी आणावी लागेल. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आकडे बरोबर असतील, पण ही खादीची आहे," आणि मला एक दिली.

खरी लढाई झाली ती डब्यांवरून. त्यांच्या आईने, म्हणजे माईंनी, चाळीस वर्षं श्रीखंडाचा एक डबा टाकला नव्हता. एकात रवा, एकात शेंगदाण्याचा कूट, एकात बटणं. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या आणि महिन्याने रद्दीवाल्याला मोजून द्यायच्या, हा त्यांचा नेम. एका रविवारी हरितरावांनी फर्मान काढलं, की आजपासून घर प्लास्टिकमुक्त. डबे निघाले, त्यांच्या जागी काचेच्या बरण्या आल्या. त्या बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या. माईंनी ते प्लास्टिक घडी करून उशीखाली ठेवलं. डब्यांचं म्हणाल, तर हरितराव आंघोळीला गेल्यावर ते आमच्याकडे आले. आमच्या माळ्यावर आहेत. हे अजून त्यांना माहीत नाही.

डब्यांनंतर कपाटाची पाळी. माणसाला सात शर्ट पुरेत, असं त्यांनी ठरवलं आणि उरलेले घेऊन ते जिन्यात बसलेल्या भांडेवालीकडे गेले. गेले ते आधी समजावून सांगायला लागले. वस्तू फेकायची नाही, फिरवत ठेवायची, जगभर आता हाच विचार चालू आहे आणि बाई, तुम्ही त्याच्या अग्रभागी आहात. बाईंनी तेवढ्या वेळात सगळे शर्ट उजेडाकडे धरून पाहिले, काखेतली शिवण ताणली आणि हातमागाचे चार बाजूला काढले.

"हे नाही चालत जी. विटून राहिलं."

"अहो, ते नैसर्गिक रंग आहेत!"

"म्हणूनच तर म्हणून राहिली. टेरिकॉट असंल तर द्या."

शेवटी नऊ शर्टांवर आणि वहिनींच्या एका जरीच्या साडीवर सहा स्टीलचे ग्लास मिळाले. साडी कुणाला विचारून दिली, यावर घरात आठवडाभर मौन होतं. हरितरावांनी ते ध्वनिप्रदूषणाच्या खात्यात जमा केलं.

एक मान्य केलं पाहिजे. त्यांचं खत उत्तम होतं. ओला कचरा घालायचा, त्यावर वाळका पाला घालायचा, दोन दिवसांनी हलवायचं. एवढं ते न चुकता करतात आणि ड्रमला वास म्हणून येत नाही. आमच्या बाकीच्यांचा कचरा भांडेवाडीच्या डोंगरात भर घालतो, त्यांच्या घरातून आठवड्याला मूठभर जातो. यासाठी त्यांनी विकत काहीच आणलं नव्हतं. पाला झाडाखालचा, ड्रम जुना. त्यामुळेच की काय, याबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

ते बोलतात ते संत्र्याच्या सालींबद्दल. नागपुरात साली हव्या तेवढ्या. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी. तीन महिने मुरवलं, की फरशी पुसायचं द्रावण तयार. मुरताना त्यातून वायू सुटतो, म्हणून पहिला महिना झाकण रोज सैल करायचं असतं आणि भांडं शक्यतो प्लास्टिकचं घ्यायचं असतं, कारण ते फुगतं, फुटत नाही. यातलं गुळाचं प्रमाण त्यांनी नीट वाचलं होतं. मृगाच्या संत्र्यांच्या साली त्यांनी मार्चअखेरीला चार काचेच्या बरण्यांत घट्ट बंद केल्या, पश्चिमेच्या गॅलरीत ठेवल्या आणि ते मुलीकडे बंगलोरला गेले. माई घरीच होत्या. त्यांनी दोनदा विचारलं होतं, "काहून रे, झाकण इतकं आवळून राहिला?"

एप्रिलच्या त्या दुपारी पहिला आवाज झाला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांना सिलिंडर वाटला. दुसरा झाला तेव्हा वॉचमन गेट उघडं टाकून पळाला. सालींचे तुकडे तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत पोचले होते. सुदैवाने माई आत झोपल्या होत्या.

हरितराव परतले, गॅलरी स्वतः धुतली (रिठ्याने) आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक दाराशी विचारत फिरले, "कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आहे का? दोन लिटरची असली तर बरं." कुणाकडेच नव्हती. तीन वर्षं मागे लागून अख्ख्या अपार्टमेंटला कोल्ड्रिंक सोडायला त्यांनीच लावलं होतं.

संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून चार बाटल्या आणल्या, खादीच्या पिशव्यांतून. आमचा सगळा मजला बोलावला आणि भांडेवालीच्या सहा स्टीलच्या ग्लासांतून आळीपाळीने सगळ्यांना पाजलं. मुलांना दोनदा, वॉचमनला तीनदा. स्वतः मात्र एक थेंब घेतला नाही. माईंनी ग्लास पुन्हा पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "माई, बस झालं, साखर आहे तुला."

"मग ही अर्धी बाटली कोण संपवणार?" माई म्हणाल्या. "तुले रिकामी पाहिजे ना?"