टेक्निकलरकाका

टेक्निकलरकाकांनी जेवायला बोलावलं तर घरून निदान वाटीभर पोहे खाऊन निघावं. "सहाला पानं घेऊ," असं ते सांगतात आणि सहा वाजता आपण न्यू जर्सीतल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये बसून हॉलंडमधली ट्यूलिपची शेतं बघत असतो. वरून काकूंच्या फोडणीचा वास येतो. आपण आशेने जिन्याकडे बघतो. काका म्हणतात, "बस रे, आठ मिनिटांची तर आहे." आठच मिनिटांची असते, खोटं कशाला बोला. पण हॉलंडमागे आयर्लंड येतं, आयर्लंडमागे सियाम, आणि सियाम संपेस्तोवर वर आमटीचं पिठलं झालेलं असतं.

अशी माणसं गावोगाव असतात. कुणी काड्यापेट्यांची लेबलं जमवतो, कुणी ग्रामोफोनच्या तबकड्या. आमच्या वाट्याला जुने रंगीत प्रवासपट जमवणारा आला. त्यांचं खरं नाव महाराष्ट्र मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर तेवढं उरलंय. टेक्निकलरकाका हे बारसं मंडळातल्या पोरांनी केलं.

काकांचं आराध्यदैवत म्हणजे जेम्स फिट्झपॅट्रिक. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओसाठी १९३० पासून वीसेक वर्षं या गृहस्थाने ‘ट्रॅव्हलटॉक्स’ नावाचे लघुपट काढले आणि १९३४ पासून ते टेक्निकलरमध्ये यायला लागले. मुख्य चित्रपटाआधी थिएटरात एक रीळ चालायचं: डोंगर, कारंजी, फुलं, स्थानिक पोशाखातल्या हसऱ्या बायका आणि वर फिट्झपॅट्रिकचा तुपाळ आवाज. ‘व्हॉइस ऑफ द ग्लोब’ म्हणायचे त्याला, पृथ्वीचा आवाज! शेवटी सूर्य मावळतीला जायचा आणि हा आवाज मोठ्या नाइलाजाने त्या देशाचा निरोप घ्यायचा. इतक्या वेळा घेतला की अमेरिकेत तो थट्टेचा विषय झाला.

काकांना त्यात थट्टेसारखं काही दिसत नाही, कारण ते स्वतः तसाच निरोप घेतात. मंडळाचा गणपती उरकून खुर्च्या आवरताना ते शाळेच्या जिममध्ये मधोमध उभे राहतात आणि पडलेल्या आवाजात म्हणतात, "आणि आता, जड अंतःकरणाने, आपण या हॉलचा निरोप घेऊया." ओक ट्री रोडवर भाजी घेऊन झाली की वाणसामानाच्या दुकानामागे सूर्य जाईपर्यंत गाडी सुरू होत नाही. टर्नपाइकवरच्या विश्रांतिस्थळी स्वच्छतागृहातून बाहेर येताना त्यांनी निरोप घेतला, तेव्हा हात धूत असलेला एक ट्रकवाला घाबरून बाजूला सरकला होता. दाढ काढली त्या दिवशी तोंडात बोळा होता, म्हणून डेंटिस्टची खुर्ची बिनानिरोपाची राहिली. ती रुखरुख काकांना अजून आहे.

संग्रहाची कथा निराळीच. केबलवर टर्नर क्लासिक मूव्हीज हे चॅनल दोन चित्रपटांमधली फट बुजवायला असे लघुपट लावायचं. कधी कुठला लागेल याचा भरवसा नाही. चित्रपटाचा शेवट जवळ यायचा, नायक-नायिका एकमेकांच्या मिठीत पडायचे, काकू डोळ्यांना पदर लावायच्या आणि काका व्हीसीआरच्या रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवून ताठ बसायचे. डीव्हीडी आल्या तेव्हा जुन्या चित्रपटांबरोबर ‘एक्स्ट्रा’ म्हणून असला एखादा लघुपट यायला लागला. त्या दहा मिनिटांपायी काकांनी दोन-दोन तासांचे अभिजात चित्रपट विकत घेतले. कपाट बघून नवखा पाहुणा भारावतो, एखादी डिस्क काढून "वा! कसा आहे हो हा?" असं विचारतो. काका म्हणतात, "मुख्य पिक्चर कुणी बघितलाय? तू एक्स्ट्रात जा."

मग २०१६ साली वॉर्नर आर्काइव्हने ट्रॅव्हलटॉक्सचा पहिला संच काढला: तीन डिस्क, साठ लघुपट. काकूंना वाटलं, सुटलो, आता टेपा फेकता येतील. काका म्हणाले, "छे! टेपेवरच्या रंगांशी ताडून बघायला नकोत?" तेव्हापासून ताडणं चालू आहे. संचाचे पुढचे भाग आले, तेही ताडण्याच्या रांगेत लागले.

रंगाचा विषय निघाला की मात्र जेवण विसरावं. टेक्निकलरच्या कॅमेऱ्यात भिंगामागे लोलक असायचा, तो प्रकाश वाटून देऊन एकाच वेळी तीन निगेटिव्ह उठवायचा. मग छपाईत एकावर एक तीन रंग चढवायचे. "आपल्या रविवर्मा प्रेसमधल्या लक्ष्मीसारखं! दगडागणिक एक रंग." प्रेस निघाली १८९४ साली आणि फिट्झपॅट्रिकचा जन्मही १८९४चा. हा योगायोग आहे असं काकांना सांगायची कुणाची हिंमत नाही. टेक्निकलरच्या त्या छापील प्रती वर्षानुवर्षं टवटवीत राहतात. १९५० नंतर स्वस्त ईस्टमनकलर आलं आणि त्याच्या कितीतरी प्रती पुढे गुलाबी पडून विटल्या. काकांनी मनुष्यजातीची विभागणीही याच पायावर केली आहे. उसने पैसे घेऊन विसरणारा, निवडणुकीनंतर ओळख न देणारा मंडळाचा अध्यक्ष, लग्नानंतर बदललेला भाचा, सगळे ‘ईस्टमन’ निघाले.

त्या काळच्या टेक्निकलर चित्रपटांच्या श्रेयनामावलीत रंगसल्लागार म्हणून नॅटली कॅल्मस या बाईंचं नाव हमखास यायचं. काकांच्या घरात अजून त्यांचंच चालतं. पोपटी पदराची पैठणी नेसून निघालेल्या काकूंना दारात थांबवून काका एकदा म्हणाले होते, "नॅटलीबाईंनी पास केली नसती." त्यावर काकू काय म्हणाल्या ते इथे छापण्यासारखं नाही.

इतकं जग पाहिलेला हा माणूस प्रत्यक्षात कुठेही जात नाही. मुलगी स्वित्झर्लंडची तिकिटं काढायला निघाली तर म्हणाले, "नको गं, तिथले रंग उतरले असतील. माझ्याकडे १९३४चं आहे." ब्रिटिश कॅमेरामन जॅक कार्डिफचं उदाहरण तर कायम तयार. हा पठ्ठ्या १९३०च्या दशकाच्या अखेरीस टेक्निकलरचा अवजड कॅमेरा घेऊन खराखुरा हिंदुस्थानात आला, ‘वर्ल्ड विंडोज’ या मालिकेसाठी प्रवासपट टिपून गेला. पण ऑस्कर मिळालं १९४७च्या ‘ब्लॅक नार्सिसस’ला. त्यातला हिमालय इंग्लंडमधल्या पाइनवुड स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यांनी उभा केलेला. "बघ, घरी बसून केलेला हिमालय सरस ठरला!" असं म्हणून काका पाय पसरतात.

ब्रिटिश विनोदी नट पीटर सेलर्सने या प्रवासपटांची यथेच्छ टर उडवली होती. लंडनमधल्या बालम नावाच्या अगदी सामान्य उपनगराचं फिट्झपॅट्रिकी थाटात वर्णन केलेली त्याची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहे. काकांकडे ती आहे. ते ती गंभीरपणे, डोळे मिटून ऐकतात. त्यांच्या मते ती श्रद्धांजली आहे.

माझी खरी चिडचिड वेगळ्या कारणाने व्हायची. या चित्रपटांच्या जगात कुणाला घरभाडं द्यावं लागत नाही आणि कुणाची दाढ दुखत नाही. सगळे देश आपले नटूनथटून संचलनाला निघालेले. नावंही तशीच: ‘इंडिया ऑन परेड’ १९३७चा, ‘चेकोस्लोव्हाकिया ऑन परेड’ १९३८चा. प्रत्यक्ष जागी ध्वनिमुद्रण नाहीच, बोलणार फक्त निवेदक. ज्यांच्या गावात जाऊन चित्रण केलं ती माणसं ओठ हलवतात आणि वर कुणी तिसराच सांगतो की ती किती सुखी आहेत. हे मी एकदा काकांना तावातावाने ऐकवलं. काका शांतपणे म्हणाले, "मागच्या महिन्यात इंटरलाकेनहून तू गाईंचे फोटो टाकलेस ग्रुपवर. गुराख्याशी बोलला होतास?"

मी गप्प झालो तसं त्यांनी चेकोस्लोव्हाकिया लावला. "हा निरोप नीट ऐक. म्हणणाऱ्याला वाटतंय, नेहमीचंच वाक्य आहे. पण त्याच वर्षी म्यूनिकमध्ये या देशाचा लचका तोडून हिटलरला दिला. पुढच्या वर्षी सियामचं थायलंड झालं. सिलोन १९७२ला गेलं. चेकोस्लोव्हाकिया पुन्हा उभा राहिला, तो १९९३च्या एक जानेवारीला कायमचा संपला. सवयीने निरोप घेत गेला बिचारा, आणि एकेक निरोप खरा होत गेला." थोडं थांबून म्हणाले, "म्हणून मी हॉलचासुद्धा घेऊन ठेवतो."

याला उत्तर नव्हतं. काकूंनी एकदा सांगितलेलं त्यावरून आठवलं: मुलीच्या पाठवणीला सगळे धास्तावून काकांच्या तोंडाकडे बघत होते, आता हे नको ते वाक्य बोलणार म्हणून. त्या एका दिवशी पृथ्वीचा आवाज फुटलाच नाही.

हल्ली नातू येतो तेव्हा बेसमेंटमध्ये वेगळाच खेळ चालतो. जिन्यावर उभं राहून ऐकलं तरच कळतो, कारण आपण खाली गेलो की काका तो बंद करतात. ज्या फिट्झपॅट्रिकसाठी जन्म वेचला त्याचा आवाज पार घालवून टाकतात आणि ओठ हलवणाऱ्या माणसांच्या तोंडी अस्सल मराठी घालतात. लाकडी बूट घातलेली डच म्हातारी शेजारणीला म्हणते, "अगं, कधीचं उभं केलंय मेल्याने, दूध ओतू गेलं असेल!" सियाममधला नावाडी भाड्यावरून घासाघीस करतो. नातू हसून लोळतो.

मग पडद्यावर सूर्य कलायला लागतो, आवाज नसलेला फिट्झपॅट्रिक आपला निरोप सुरू करतो आणि काका म्हातारीच्या आवाजात खेकसतात, "झाला का रे बाबा घेऊन निरोप? मग नीघ की! आम्हाला कामं आहेत!"