सॅक्सोफोनचं माहेर

सॅक्सोफोन आख्खा पितळेचा असतो. चकचकीत, वाकडा, गळ्यात अडकवला की शेजारी ट्रंपेटवालाच उभा हवा असं वाटायला लावणारा. तरीही ऑर्केस्ट्राच्या वंशावळीत त्याचं नाव ब्रासच्या पानावर सापडत नाही. तो वुडविंडचा, म्हणजे लाकडी घराण्याचा. बरं, आडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं तेव्हाही तो धातूचाच होता. त्यामुळे आधी लाकडाचा होता, मग बरे दिवस आले, असंही म्हणायची सोय नाही. ती सोय फ्लूटला आहे. एके काळी तो खरोखर लाकडाचा होता. पुढे चांदीचा झाला, क्वचित सोन्याचाही. पण अंगावर सोनं आलं म्हणून काही माहेर बदलत नाही.

खरं तर मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. नवा माणूस भेटला की आपण त्याचा कोट बघून गप्प बसतो थोडेच? मूळ गाव कुठलं, आजोळ कुठलं, अमक्यांचे तुम्ही कोण, हे विचारल्याशिवाय आपल्याला चहा गोड लागत नाही. वाद्याला मात्र एकच प्रश्न पुरतो: बाबा रे, तुझा आवाज जन्मतो कुठे?

सॅक्सोफोनच्या तोंडाशी एक पातळ पत्ती असते, बोरूच्या जातीच्या गवताची. ती थरथरते आणि सूर निघतो. क्लॅरिनेटचंही तेच, म्हणून ही दोघं सख्खी. ट्रंपेटला पत्तीच नाही. तिथे वाजवणाऱ्याचे ओठ थरथरतात. आपली तुतारीही त्याच बाजूची. आणि हा नियम नीट लावला, तर देव्हाऱ्यातला शंख ट्रंपेटचा चुलत आजोबा निघतो. शंखाला याची कल्पना नाही, तो आपला आरतीची वाट बघत बसलेला असतो.

माझा जीव मात्र ओबोवर आहे. सिंफनी सुरू होण्याआधी सगळे वादक गप्प होतात आणि एकटा ओबो एक लांब सूर धरतो. मग व्हायोलिनपासून ट्रॉम्बोनपर्यंत सगळे त्या सुराला आपापलं वाद्य मिळवून घेतात. आवाज थोडा नाकातला, पण सरळ, न डगमगणारा. मराठी कानाला वाटतं, अरे, ही तर आपली सनई! आणि ते वाटणं अगदी बरोबर असतं. दोघींच्या तोंडाशी पत्त्या एकमेकींना चिकटून बांधलेल्या. सनईला दोऱ्याने लोंबणाऱ्या जादा पत्त्या तुम्ही लग्नात पाहिल्या असतील. ओबोवाल्याकडे त्याच कामाची छोटी डबी असते. पत्ती कोरडी पडली की बोलत नाही, म्हणून दोघंही ती अधूनमधून ओठांत धरून भिजवतात. निम्मं आयुष्य पत्तीची मनधरणी करण्यात जातं. प्रोकोफिएव्हने १९३६ साली मुलांसाठी ‘पीटर अँड द वुल्फ’ रचलं, त्यात पक्ष्याला फ्लूट दिला, मांजराला क्लॅरिनेट, कुरकुर करणाऱ्या आजोबांना ‘बसून’ नावाचं वाद्य आणि ओबो दिला बदकाला. मंगलकार्याला वाजणाऱ्या सनईच्या बहिणीला बदक! पटत नाही, पण ऐकताना बदक हुबेहूब दिसतं, त्याला काय करणार?

पियानोचं आणखी वेगळं. पोटात दोनशेच्या वर तारा, पण त्यांच्यावर हातोड्या पडतात. तेव्हा ऑर्केस्ट्रात बसलाच तर बहुतेकदा त्याची गणती ढोल-झांजांच्या पंगतीत होते.

जगभरची वाद्यं गोळा व्हायला लागल्यावर युरोपची ही घरं अपुरी पडली. कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन ठाकुरांनी पाठवलेली भारतीय वाद्यं ब्रसेल्सच्या संग्रहालयात पोचली होती. तिथल्या व्हिक्टर माहियों यांनी १८८० साली वाद्यांची चार वर्गांत विभागणी मांडली. हे चार वर्ग भरताच्या नाट्यशास्त्रात केव्हाचेच आहेत: तत, सुषिर, अवनद्ध, घन. तार, फुंक, चामडं आणि नुसता ठोका. त्याच पायावर हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या अभ्यासकांनी १९१४ साली जी पद्धत रचली, ती संग्रहालयांत आजही चालते.

या सगळ्या विद्वत्तेला चकवलं ते तुणतुण्याने. तळाशी चामडं ताणलेलं, त्यातून निघालेली तार वर दांडीच्या खुंटीला. तार छेडली की चामडं घुमतं. आता हे तत की अवनद्ध? हॉर्नबोस्टेल-झाक्स यांनी अशा वाद्यांना छेडायचे ढोल म्हणून ढोलांच्या घरी पाठवलं. पुढच्या संशोधकांनी मोजमाप करून सांगितलं, छे, आवाजाचा उगम तारेत आहे. जो तो आपलंच तुणतुणं वाजवत राहिला. शाहिराच्या मागे उभा असलेला गडी मात्र कुणालाही न विचारता ते वाजवतोय.

पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यं बघून या आणि प्रत्येकापुढे तो एकच प्रश्न विचारा. मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून एनसीपीएमध्ये वाजतो आहे. तिकीट काढलंत तर कृपा करून वेळेआधी जाऊन बसा. चहाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना ओबोचा तो पहिला सूर ऐकायला मिळत नाही.