जन्मठेपेचे जावई

नवरा कसा असावा? रात्री कुठे आहे ते पक्कं ठाऊक असावं. मित्रांचा अड्डा नसावा. आणि पानंच्या पानं पत्रं लिहायला त्याला सवड असावी.

असा नवरा अमेरिकेत मिळतो. तुरुंगात.

तिथे कैद्यांशी पत्रमैत्री जुळवणाऱ्या वेबसाइट्स आहेत. फोटो, वय, छंद, गुन्हा, सुटकेची तारीख, सगळं दिलेलं. आपल्या वधू-वर सूचक मंडळात स्थळाचा खरा पगार कळला तरी नशीब.

आता हा नमुना पाहा. रिचर्ड रामिरेझ. १३ खुनांत दोषी, देहदंडाची शिक्षा झालेला. एका मासिकातल्या संपादिकेने त्याला पत्रांमागून पत्रं धाडली आणि १९९६ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात त्याच्याशी लग्न केलं. तो प्रेमळ आहे, विनोदी आहे, असं बाईंचं म्हणणं.

पत्रात कोण नसतो?

या बायकांना खुळ्या म्हणून मोकळं होणं सोपं आहे. शीला आयझेनबर्ग या पत्रकार बाईने तसं केलं नाही. खुन्यांच्या प्रेमात पडलेल्या बायकांना भेटून तिने १९९१ मध्ये पुस्तक लिहिलं. तिच्यासमोर आलं ते असं, की यातल्या कित्येकींनी आधी बापाचा नाहीतर नवऱ्याचा मार खाल्लेला. गजाआडचा माणूस हात उचलू शकत नाही. भेटीची वेळ संपली की पहारेकरीच त्याला घेऊन जातो. म्हणजे शिक्षा झालेला खुनी हा अशा बाईच्या आयुष्यातला सगळ्यात निरुपद्रवी पुरुष!

हसायचंच असेल तर बाहेरच्या नवऱ्यांना हसा.

अर्थात निरुपद्रवी म्हणजे एकनिष्ठ नव्हे. लाइल मेनेंडेझने भावाच्या साथीने आईबापांना गोळ्या घातल्या. १९९६ मध्ये तुरुंगात असतानाच तो बोहल्यावर चढला. २००१ मध्ये काडीमोड. का? साहेबांची दुसऱ्या बाईशीही पत्रापत्री चालू होती, असं तेव्हा छापून आलं.

कोठडीत बसून सवत आणायची, याला कर्तबगारी लागते.

फसवणूक नेहमी आतूनच होते असंही नाही. खुनांसाठी जन्मठेप भोगणारा चार्ल्स मॅन्सन ८० वर्षांचा, वाग्दत्त वधू २६ ची. २०१४ मध्ये लग्नाचा परवानाही निघाला. मग एका लेखकाने दावा केला, की म्हातारा मेल्यावर त्याचं प्रेत काचेच्या पेटीत ठेवून लोकांना दाखवायचा तिचा बेत आहे. लग्न लागलंच नाही. परवान्याची मुदत संपली.

बिचारा मॅन्सन, असं म्हणायची वेळ आणली बाईने.

पण सगळ्यात मोठा धंदा केला तो कर्क्सी निक्सने. लुईझियानातल्या अंगोला तुरुंगात जन्मठेप भोगत हा गडी मासिकांत एकाकी समलिंगी पुरुषांसाठी जाहिराती द्यायचा. गोड बोलायचा, मग किरकोळ अडचण सांगून पैसे मागायचा. लाखो डॉलर जमले. ते सांभाळायला ठेवले बाहेरच्या वकिलाकडे आणि त्यातले बरेच गायब झाले. वकिलाने बोट दाखवलं आपल्या जुन्या भागीदाराकडे. तो तोवर न्यायाधीश झालेला. सप्टेंबर १९८७ मध्ये मिसिसिपीतल्या बिलॉक्सी गावी त्या न्यायाधीशाचा आणि त्याच्या बायकोचा राहत्या घरात खून झाला. या कटात निक्स दोषी ठरला आणि तो वकीलही तुरुंगात गेला. खून झाल्यापासून स्वतः तुरुंगात जाईपर्यंतच्या मधल्या काळात वकीलसाहेब बिलॉक्सीचे महापौर होऊन गेले होते.

तेव्हा पत्र खुशाल लिहा. मनीऑर्डर मात्र करू नका.