सातबारा मोठा की पाच छेद आठ?

फळ्यावर ७/१२ आणि ५/८ असे दोन अपूर्णांक लिहून मी पाचवीच्या वर्गाला विचारलं, "मोठा कोणता?"

"सातबारा!" अख्खा वर्ग एका सुरात.

"का रे?"

"त्याच्यावर कर्ज मिळतं, सर."

धुळे तालुक्यातल्या शेतकऱ्यांची पोरं ही. अंश-छेद भेटण्याआधी यांना उतारा भेटलेला असतो. खिडकीजवळचा एक मात्र अडून बसला : आठवालाच मोठा, कारण आठ-अमध्ये खात्यावरची सगळी जमीन येते. उत्तर बरोबर होतं. गुण द्यावेत की तलाठ्याकडे पाठवावं, मला ठरवता येईना.

आमच्या आबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी तोंडपाठ. औटकीसुद्धा, म्हणजे चक्क साडेतीनचा पाढा. वाणी कागद शोधेपर्यंत आबा पैसे मोजून मोकळे. मी डी.एड.; मला निमकीतच धाप लागते. म्हणून प्रशिक्षणात "मुलांना वस्तू हाताळू द्या" असं सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

पहिल्यांदा केळी नेली. सासुरवाडी जळगाव जिल्ह्यातली, त्यामुळे घरात एखादी फणी असतेच. जळगावच्या केळ्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण वाकड्या फळाचं निम्मं नेमकं कुठे येतं, हे काही त्यानं सुटत नाही. साल धरायची की नुसता गर, यावर वर्गात दोन तट पडले. १/२ आणि १/३ शेजारी मांडून तुलना करणार, तेवढ्यात १/३ चा पुरावा नष्ट झाला.

मग खापरावरचे मांडे. आखाजी लांब होती, तरी बायकोकडून दोन करून घेतले. एकाचे चार भाग केले, दुसऱ्याचे आठ. खिडकीवाला म्हणाला, "१/८ मोठा. आठ चारापेक्षा जास्त असतात." मी म्हटलं, "बरं, मग तुला १/८." त्यानं आपला तुकडा पाहिला, शेजाऱ्याचा चतकोर पाहिला, आणि छेद वाढला की वाटा घटतो हे तत्त्व भरल्या डोळ्यांनी मान्य केलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "पण सर, दोन्ही मांडे सारखे कुठे आहेत?"

नव्हतेच. पुरण भरलेली पोळी हातांवर फिरवत फिरवत वाढवायची. त्यात दोन मांडे एका मापाचे निघणं म्हणजे चमत्कार. आणि पूर्ण सारखा नसेल, तर चतकोराची अष्टमांशाशी तुलना करायची कशी? मला हे फळ्यावर लिहून शिकवायचं होतं. तिला ते पुरणात सापडलं. मी हरखून गेलो आणि संध्याकाळी घरी सांगितलं, "तुझे मांडे सारखे नव्हते."

पुढचं सगळं साहित्य कागदाचं.

चोवीस सेंटीमीटरच्या पट्ट्या कापल्या. एकीचे बारा भाग, दुसरीचे आठ. पहिलीचे सात रंगवले, दुसरीचे पाच, आणि पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या. सातबारा चौदावर थांबला, दुसरी रंगपट्टी पंधरावर. सातबाऱ्याचा पराभव वर्गानं शांतपणे पाहिला.

"बघा, फक्त एक सेंटीमीटरचा फरक," मी म्हणालो. "किती किरकोळ!"

खिडकीवाला पट्टीवर बोट ठेवून बराच वेळ बघत होता.

"सर, आमना बांध इतलाच सरकना व्हता. आजून कोर्टमा तारीख पडस."