उस्ताद, आधी पुसून तर बघा

सिल्लोड-अजिंठा रस्त्यावरच्या, दारात जुने टायर टांगलेल्या गॅरेजच्या उस्तादांस,

सप्रेम नमस्कार लिहिणार होतो. पण प्रेमाची पातळी सध्या डिपस्टिकच्या खालच्या खुणेच्याही खाली आहे, तेव्हा नुसताच नमस्कार.

परवा आत्याला जळगावच्या स्टेशनवर सोडायला निघालो होतो. अजिंठा गाव मागे पडलं, घाट लागला आणि उतारावर, ऐन वळणात तो तेलाच्या झारीचा लाल दिवा पेटला. वळण संपलं, विझला. पुढच्या वळणावर पुन्हा पेटला. पाठोपाठ बॉनेटच्या फटीतून जळक्या ऑइलचा वास आणि धूर. आत्या पदर नाकाला लावून म्हणाली, "काहीतरी करपतंय रे." गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, आणि मागून आलेल्या एसटीला हात दाखवून तिला बॅगेसकट त्या लाल डब्यात चढवली. ती पोचली वेळेवर. मी मात्र कठड्यावर बसून तुमचं एक वाक्य आठवत होतो. ते पुढे येईलच.

आधी, ऑइल गळतंय म्हणून गाडी तुमच्याकडे आणली होती, तेव्हाच्या तुमच्या निदानपद्धतीचं कौतुक करू द्या. बॉनेट वर, मोबाइलची बॅटरी आत, एक नजर, आणि निकाल: "कायी नाही साहेब, इंजिनाला घाम आलाय." घाम! मग चेंबरच्या बोल्टचा वायसर बदलला. गळती तशीच. ऑइल फिल्टर बदलला, कारण "त्याचं रबर डुप्लिकेट असतं." गळती तशीच. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं आणि कव्हर बसवताना पान्याला पाइप लावून असं काही आवळलं की नवं रबर तिथल्या तिथे चेपून बाहेर डोकावलं. ते बोल्ट हलक्या हातानं, मधून कडेकडे आवळत जायचे असतात. तुम्ही तर नळाची तोटी बसवल्यासारखा जोर काढलात. गळती वाढली. तेव्हा तुम्ही गंभीर झालात. हात पुसले आणि म्हणालात, "साहेब, मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल." आणि आकडा सांगितलात. तो आकडा इथे लिहीत नाही, घरचेही हे पत्र वाचतील.

या सगळ्यात एक गोष्ट तुम्ही एकदाही केली नाहीत. इंजिन पुसलं नाहीत. सगळीकडे तेल असताना तेल कुठून येतंय ते दिसणार कसं, उस्ताद? तेल वरून खाली येतं, चालत्या गाडीत वाऱ्यानं मागे सरकतं, कडेकडेनं कानाकोपऱ्यांतून वाट काढतं आणि जिथे टोक मिळेल तिथे टपकतं. थेंब पडतो ती जागा आणि गळतं ती जागा यांत हात-दीड हात अंतर सहज असू शकतं. तुम्ही दर वेळी थेंबाच्या वरचा पार्ट बदललात.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. सीटवर तुमच्या पंजाचा काळा ठसा आहे. चेंबरच्या बोल्टाचे आटे गेलेत. तुमचा दहाचा पाना माझ्या बॅटरीमागे सापडला, तो मी ठेवून घेतलाय. जळगाव रोडचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं, त्या खड्ड्यांत बोल्ट ढिले झाले हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण ढिले बोल्ट हुडकायला कुणी हरकत घेतली नव्हती.

आणि थेंबाचा रंग तरी बघायचा होता. तुम्ही अजिंठ्याच्या वाटेवर राहता, रंगांचं तुम्हाला काय सांगावं? लेण्यांतल्या चित्रकारांनी गेरूचा लाल, पिवळी माती, हिरवा दगड, काजळी ओळखून वापरली. निळा लाजवर्द तेवढा दूर देशातून आणला. गाडीखालचा रंगही असाच ओळखायचा असतो. हिरवा किंवा गुलाबी, गोडसर वासाचा असेल तर कूलंट. लाल असेल तर बहुधा स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरचं तेल. फिकट पिवळं, बोटाला बुळबुळीत आणि रंगकाम खाणारं असेल तर ब्रेक ऑइल, मग गाडी हलवायचीच नाही. नुसतं पाणी असेल तर एसीचं, घरी जा. काळं-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल. रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवला तर सकाळी रंग आणि जागा दोन्ही कळतात. पुठ्ठा फुकट मिळतो.

पण माझा खरा राग आहे तो तुमच्या शेलॅकवर.

त्या डबीतलं लालसर चिकट शेलॅक तुम्ही पॅकिंगला लावलंत, वायसरला लावलंत, जोडावर बाहेरून लावलंत, आणि पाठ वळताच तुमच्या पोरानं तेलकट भागावरही थापलं. तेलावर ते चिकटत नाही, हे त्याला कोण सांगणार? तुमच्या गॅरेजपासून तासाभराच्या आत याच पदार्थानं केलेला पराक्रम जगप्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रिफिथ्स साहेबांनी लेण्यांतल्या चित्रांच्या नकला काढताना मूळ चित्रांवर वार्निश फिरवलं. मग 1920च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी असे दोन जाणकार बोलावले. त्यांनी सुटलेले गिलावे भिंतीला पुन्हा बसवले, ते काम मोलाचं होतं. पण वर लाखेचं रोगण चढवलं. शेलॅकच ते, उस्ताद! चार दिवस चित्रं झळाळली. पुढे तो थर पिवळा पडला, त्यावर धूळ-काजळी बसली आणि स्वातंत्र्यानंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो हळूहळू उतरवत बसावं लागलं. आणि या सगळ्या काळात पावसाचं पाणी डोंगराच्या भेगांतून झिरपत होतंच. भेग वर कातळात, ओल आत भिंतीवर. भिंतीला कितीही रोगण लावा, वरच्या भेगेला त्याचा पत्ता नसतो.

शेवटी आमच्या गल्लीतले काका आले. ते एसटीच्या चिकलठाण्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी काय जादू केली म्हणता? डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन धुतलं. कोरडं होऊ दिलं. मग माझ्या मुलीचा पावडरचा डबा मागून घेतला आणि इंजिनाच्या मागच्या अंगावर पांढरी पावडर उडवली. गाडी चालवून आणायला सांगितली. परत आल्यावर पांढऱ्यावर एकच काळी रेघ होती: टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघून, हेडवरून ब्लॉकवर, तिथून गिअरबॉक्सच्या घंटीपर्यंत. तुमचं "गेलेलं" ऑइल सील पावडरीत शुभ्र कोरडं होतं.

ते तिथेही थांबले नाहीत. नवं पॅकिंग गळतं म्हणजे आतून कुणीतरी ढकलतंय, असं म्हणून त्यांनी ब्रीदरचा पाइप काढला. काजळीनं ठार बुजलेला. इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर पडायला वाट नाही, मग तो जिथे कच्चं सापडेल तिथून तेल रेटत होता. उस्ताद, आठवतं? मी सांगितलं होतं, डिपस्टिक आपोआप वर आलेली असते. तुम्ही "हां हां" म्हणालात आणि ती अंगठ्यानं दाबून बसवलीत.

आता ते वाक्य. "दिवा लागला की अर्धा लिटर सोडायचं, टेन्शन घ्यायचं नाही." हे मी हसून लिहू शकत नाही. तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब गेला ते सांगतो. उतारावर, वळणात उरलंसुरलं तेल चेंबरच्या एका कोपऱ्यात गेलं आणि पंपानं हवा ओढली, म्हणून तो पेटत होता. त्या प्रत्येक क्षणी बेअरिंगं कोरडी फिरत होती. तुमच्या सल्ल्यावर विसंबून कुणी घाट उतरलं आणि मधेच इंजिन जाम झालं तर? घाटात, मागे ऊस भरलेला ट्रक असताना? तुम्हाला गळती सापडली नाही, हे मी समजू शकतो. पण माहीत नसताना लोकांना बिनघोर करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

हे लिहून झालं आणि मे महिन्यातले तुम्ही आठवलात. पोत्यावर उताणे, तापलेल्या इंजिनाखाली, डोळ्यांत तेलाचा थेंब. शेजारी उभा राहून एक गिऱ्हाईक विचारत होतं, "नुसतं बघायचे कसले पैसे?" खरंय, आमच्याकडे बघण्याचे पैसे कुणी देत नाही. खोक्यातला नवा पार्ट दाखवला आणि जुना हातात दिला, की पाकीट उघडतं. इंजिन धुवायला, वाळवायला, फिरवून आणायला अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसात रस्त्यावर पंक्चरवाला, क्लचवाला, केबलवाला थांबलेला. शेवटी "काही नव्हतं, पाइप साफ केला" म्हणालात, तर पन्नासची नोट काढतानाही कपाळाला आठी. आम्हीच तुम्हाला पार्ट विकायला शिकवलं.

तेव्हा व्यवहाराचं बोलू. स्टिअरिंगकडच्या बाजूला आणखी एक डाग दिसू लागलाय, लालसर. काका मुलाकडे पुण्याला गेलेत. सोमवारी गाडी घेऊन येतो, दिवसभर ठेवतो, डिझेल, ब्रश, पावडर माझी. फक्त शोधायचे किती घ्याल तो आकडा आधी सांगा, पार्टचं नंतर बघू. शेलॅकची डबी फळीवरच राहू द्या.

पानाही तेव्हाच परत मिळेल.

आपला,
अजिंठ्याचा एक गिऱ्हाईक