नियमाची माघार

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या पाटस टोलनाक्याला आधुनिक होऊन आता बरीच वर्षं झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभर फास्टॅग सक्तीचा झाला. गाडीने न थांबता निघून जावं, एवढाच त्यामागचा उदात्त हेतू. त्याच वर्षी महामार्ग प्राधिकरणाने हिंमतही दाखवली: एका वाहनाला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, आणि १०० मीटरवर आखलेल्या पिवळ्या पट्टीपलीकडे रांग गेली तर पुढची वाहनं टोल न घेता सोडावीत.

रांगेने हा नियम वाचला नसावा. २०२४ मध्ये प्राधिकरणाने टोलमाफीची ती तरतूदच काढून घेतली. बदलाशी जुळवून घेणं म्हणतात ते हेच. रांग हलत नसेल, तर नियमाने हलावं!

वाहनचालकाने मात्र जुन्या शिस्तीतच राहावं. टॅग चालला नाही तर, २०२५ च्या नियमाने, रोखीने दुप्पट, यूपीआयने सव्वापट. यंत्राने टॅग वाचला नाही तर ‘थोडं मागं घ्या, आता पुढं घ्या’ ही कवायत मोफत.

एवढं यशस्वी धोरण महामार्गापुरतं का ठेवायचं? पाटस परिसर उसाचा. कायद्याने ऊसबिल १४ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर व्याज. ती १४ दिवसांची अटच काढून टाकावी. राज्यातला एकही कारखाना थकबाकीदार उरणार नाही. कारखान्यांच्या सत्कारासाठी शेतकऱ्यांनी वेळेवर यावं, उशीर झाल्यास दुप्पट वर्गणी.